केबल लावायच्या आधी

चिऊ, काल तुझा फोन आला तेव्हा मी पोळ्या लाटत होते. "ताई, मला डोमेन अ‍ॅडमिनचे राइट्स दिले," हे तू इतक्या आनंदानं सांगितलंस की त्यावर आणखी काही बोलावंसं वाटलं नाही. आज बोलते. चाकणच्या तुझ्या कारखान्यात आठ-नऊशे कॉम्प्युटर आहेत म्हणालीस. आता तुझ्या एका क्लिकनं त्या सगळ्यांवर बदल होऊ शकतो. हे काम मी सोळा वर्षं केलंय. त्यात जे माझ्या अंगावर आलं ते तुझ्या अंगावर येऊ नये, एवढंच मनात आहे.

एक गोष्ट आजच कर. स्वतःची दोन अकाउंट ठेव. मेल बघायला, रजेचा अर्ज भरायला साधं अकाउंट, आणि डोमेनच्या कामाला वेगळं. त्या वेगळ्या अकाउंटनं कुठल्याही युजरच्या डेस्कटॉपवर लॉगिन करू नकोस, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा. अकाउंट्समधल्या काकांचा प्रिंटर अडतो, ते म्हणतात, "बघ ना गं जरा," आणि आपण घाईत मोठ्या अकाउंटनं आत शिरतो. त्या मशिनच्या मेमरीत आपली ओळख उरते. मशिनमध्ये आधीच काही शिरलेलं असलं तर ते ही ओळख उचलतं. मग ते काकांच्या मशिनपुरतं राहत नाही, तुझ्या नावानं अख्ख्या डोमेनवर फिरतं. युजरच्या मशिनवर दुरुस्तीसाठी तिसरं, फक्त डेस्कटॉपपुरते अधिकार असलेलं अकाउंट मागून घे. साहेब कटकट करतील. तरी माग.

आता ग्रुप पॉलिसीकडे येते, कारण तुझे दिवस तिच्यातच जाणार आहेत. ती आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी २००० साली विंडोज २००० बरोबर आल्या, आणि क्लाउडच्या इतक्या गप्पा होऊनही आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत, बँकांत, हॉस्पिटलांत अजून तिच्यावरच कारभार चालतो. तू परीक्षेला क्रम पाठ केला होतास: आधी मशिनची स्वतःची पॉलिसी, मग साइटची, मग डोमेनची, शेवटी ओयूची, म्हणजे डोमेनमधल्या त्या त्या कप्प्याची. जो शेवटी बोलतो त्याचं चालतं. डोमेननं सांगितलं पडदा १५ मिनिटांनी लॉक होऊ दे आणि प्रॉडक्शनच्या ओयूनं सांगितलं ५ मिनिटांनी, तर प्रॉडक्शनमध्ये ५. याला अपवाद 'एन्फोर्स्ड'चा. वरच्यानं तो शिक्का मारला की खालच्याचं काही चालत नाही, खाली 'ब्लॉक इनहेरिटन्स' लावलेलं असलं तरी नाही. पुस्तकात हे अर्ध्या पानात संपतं. नोकरीत मात्र तुझ्या आधीच्या तिघांनी घाईघाईत मारलेले एन्फोर्स्डचे शिक्के तुला सापडतील आणि एखाद्या मशिनवर एखादं सेटिंग का बसत नाही हे शोधण्यात दुपार जाईल. अशा वेळी अंदाज बांधत बसू नकोस. त्या मशिनवर जीपीरिझल्ट चालव, त्याचा एचटीएमएल अहवाल काढ आणि कुठल्या जीपीओनं, म्हणजे कुठल्या पॉलिसीनं, बाजी मारली ते वाच.

वेळेचं गणित मात्र नीट डोक्यात ठेव, मी तिथेच फसले होते. पॉलिसी लिंक केली म्हणजे ती त्या क्षणी सगळीकडे पोचली असं होत नाही. मशिन साधारण दर ९० मिनिटांनी विचारायला येतं, आणि त्यात ० ते ३० मिनिटांची भर पडते, म्हणजे सगळी मशिन एकदम सर्व्हरवर तुटून पडत नाहीत. डोमेन सांभाळणारा सर्व्हर, म्हणजे डोमेन कंट्रोलर, दर ५ मिनिटांनी विचारतो. म्हणून लिंक करून दहा मिनिटं वाट पाहिली, कुणाचा फोन आला नाही, म्हणजे सगळं ठीक, असं कधी समजू नकोस. काही सेटिंग्ज तर मशिन सुरू होताना किंवा माणूस लॉगिन करतानाच लागतात. तुझ्या कामाचा निकाल तुला दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो.

मला असाच कळला. हे मी तुला कधी सांगितलेलं नाही.

या कामात मला दोन वर्षं झाली होती. ऑडिटरनं शेरा मारला होता की सर्व्हरवर साध्या युजरला लॉगिन करता येता कामा नये. शेरा बरोबरच होता. मी नवी पॉलिसी केली आणि 'डिनाय लॉग ऑन लोकली' या हक्कात 'डोमेन युजर्स' हा ग्रुप टाकला. ती लावायची होती सर्व्हरच्या ओयूवर. मी ती लावली डोमेनच्या माथ्यावर. संध्याकाळचे पावणेसात वाजले होते, बसची वेळ झाली होती. स्वतःच्या मशिनवर पाहिलं, काही बिघडलं नव्हतं. बिघडणार कसं? मी आधीच आत होते, आणि ही पॉलिसी दार लावते ते आत येणाऱ्यासाठी. मशिन बंद केलं आणि घरी गेले.

सकाळी बसमध्येच फोन सुरू झाले. जो मशिन चालू करेल त्याला एकच उत्तर मिळत होतं: या पद्धतीनं लॉगिन करायला परवानगी नाही. मी धावत सर्व्हर रूममध्ये गेले, डोमेन कंट्रोलरसमोर उभी राहिले, अ‍ॅडमिन अकाउंट टाकलं, आणि तिथेही तेच उत्तर. कारण आम्ही अ‍ॅडमिनसुद्धा 'डोमेन युजर्स'मध्येच असतो, आणि 'डिनाय' हे 'अलाउ'ला नेहमी हरवतं. म्हणजे चुका दोन होत्या. पॉलिसी योग्य ओयूवर लावली असती तरी सर्व्हरचं दार मी आमच्याच तोंडावर लावून घेतलं असतं. गेटवर ट्रक थांबले होते. एक ड्रायव्हर खिडकीशी येऊन शांतपणे विचारत होता, "ताई, गेटपास कधी निघेल? रात्री इंदूरला पोचायचंय." त्याचा तो शांत आवाज मला अजून आठवतो.

साडेनऊला माझा एक सहकारी बॅग खांद्याला लावून आला. आदल्या दिवशी तो साडेपाचलाच निघाला होता, लॅपटॉप घेऊन, आणि घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडला गेला नव्हता. मी ओरडले, "केबल लावू नकोस!" त्या एका लॅपटॉपपर्यंत माझी पॉलिसी पोचलेली नव्हती. वायफाय बंद ठेवून त्यानं लॅपटॉप सुरू केला आणि जुन्या ओळखीवर लॉगिन केलं. मग केबल लावली आणि पुढच्याच मिनिटाला कन्सोल उघडून मी ती लिंक काढली. त्यानंतर एकेका विभागात जाऊन मशिन लॉगिनच्या पडद्यावरूनच रीस्टार्ट करत फिरलो. सगळं रुळावर यायला साडेअकरा वाजले.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "हा लॅपटॉप काल घरी गेला नसता तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिऊ, हाच प्रश्न तू प्रत्येक बदलाच्या आधी स्वतःला विचार. सेटिंग कसं लावायचं हे तुला कुणीही शिकवेल. ते कुठवर पोचणार आणि परत कसं काढायचं, हे लावायच्या आधी लिहून काढायला फार थोडे शिकवतात.

काही वर्षांनी, २७ जून २०१७ ला, नॉटपेट्या नावाचा हल्ला झाला. युक्रेनमध्ये कंपन्या हिशेबासाठी वापरत त्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून तो सुटला आणि काही तासांत जगभर गेला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीला जबर फटका बसला, आणि त्याच समूहाचं टर्मिनल आपल्या न्हावाशेव्यालाही आहे. तिथलं काम ठप्प झालं. त्या बातम्या वाचताना मला तो इंदूरचा ड्रायव्हर दिसत होता.

मर्स्ककडे डोमेन कंट्रोलर ढिगानं होते, आणि ते एकमेकांची प्रत ठेवत होते. एखादा पडला तर दुसरा आहे, असा तो हिशेब. सगळे एकाच वेळी जातील हे कुणी धरलंच नव्हतं. आणि ते गेले. वाचला तो एकच, घानामधला, कारण नेमकी त्या वेळी तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. तिथली इंटरनेट लाइन इतकी मंद होती की प्रत पाठवायला दिवस लागले असते. घानातल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. म्हणून तो नायजेरियाला गेला, तिथे दुसऱ्या सहकाऱ्याच्या हातात हार्ड डिस्क दिली, आणि ती डिस्क विमानानं लंडनला पोचली. पुढे जानेवारी २०१८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी दावोसला सांगितलं की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी १० दिवसांत नव्यानं उभे करावे लागले. मला वाचवणारा लॅपटॉप आणि त्यांना वाचवणारा घानाचा सर्व्हर, दोन्ही वाचले ते केवळ तारेवर नव्हते म्हणून. ते नशीब होतं. तू नशिबावर सोडू नकोस. डोमेन कंट्रोलरचा सिस्टिम स्टेट बॅकअप नेटवर्कपासून तोडलेल्या जागी ठेव, आणि वर्षातून एकदा तरी तो वेगळ्या मशिनवर उभा करून बघ. न तपासलेल्या बॅकअपवर भरवसा टाकून मी एकदा रडले आहे, ती गोष्ट पुन्हा केव्हातरी.

त्या हल्ल्यातली दुसरी बाब तुझ्या रोजच्या कामाची आहे. ज्या छिद्रातून तो एका मशिनवरून दुसऱ्यात शिरायचा त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं मार्च २०१७ मध्येच दिला होता. पण नॉटपेट्या मशिनच्या मेमरीतले पासवर्डही उचलत असे, त्यामुळे पॅच लावलेली मशिनही पडली. प्रत्येक मशिनवर लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड एकच असेल तर एक मशिन फुटलं की सगळी फुटली. तुमच्याकडे तो एकच आहे, मला न विचारताही माहीत आहे, कारण जवळजवळ सगळीकडे तसा असतो. यावर लॅप्स आहे. ते प्रत्येक मशिनला वेगळा पासवर्ड देतं, ठरावीक दिवसांनी बदलतं आणि डिरेक्टरीत जपून ठेवतं. २०१५ पासून ते फुकट मिळतं आणि एप्रिल २०२३ पासून तर विंडोजमध्येच आलंय. साहेबांना खर्चाचं कारणही देता येणार नाही.

याच्या जोडीनं एक शोध घे. पूर्वी लोकल अ‍ॅडमिनचा पासवर्ड ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून पाठवायची चाल होती. तो पासवर्ड सिसव्हॉल फोल्डरमधल्या एक्सएमएल फाइलमध्ये गुंडाळून ठेवला जायचा, आणि ते गुंडाळणं उलगडायची किल्ली मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या कागदपत्रांत छापलेली होती. सिसव्हॉल तर डोमेनमधला कुठलाही युजर वाचू शकतो. मे २०१४ च्या पॅचनं असे नवे पासवर्ड टाकणं बंद केलं, पण जुने पुसले नाहीत. तुझ्या सिसव्हॉलमध्ये 'सीपासवर्ड' हा शब्द इंग्रजीत शोध. सापडला तर घाबरू नकोस, कुणाला दोषही देऊ नकोस. तो पासवर्ड आधी बदल, मग ती पॉलिसी काढ.

'काढ' म्हटलं म्हणून आणखी एक सांगते. पॉलिसी काढली की सेटिंग गेलं असं धरू नकोस. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेटमधली बहुतेक सेटिंग्ज लिंक काढल्यावर आपोआप जातात. पण प्रेफरन्सेसमधली आणि बरीच सिक्युरिटीतली सेटिंग्ज गोंदणासारखी मशिनवर राहतात. ती घालवायची तर उलटं सेटिंग मुद्दाम पाठवावं लागतं. परतीची वाट आधीच लिहून ठेव म्हणते ती यासाठीच.

एकदम सगळ्यांवर काहीही सोडू नकोस. १९ जुलै २०२४ ची सकाळ आठव. तुझं विमान होतं आणि काउंटरवर हातानं लिहिलेला बोर्डिंग पास दिला होता, फोटो पाठवला होतास मला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक छोटी फाइल, कॉन्फिगरेशनसारखीच, आपल्या वेळेनुसार सकाळी ९:३९ ला जगभर एकदम गेली. ७८ मिनिटांत त्यांनी ती मागे घेतली. तोवर सुमारे ८५ लाख विंडोज मशिन निळ्या पडद्यावर अडकली होती, आणि ती दुरुस्त करायला बहुतेक ठिकाणी माणसाला मशिनपाशी जावं लागलं. ज्यांच्या डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप होतं त्यांना प्रत्येक मशिनची रिकव्हरी की लागली. तुमच्याकडच्या त्या की कुठे आहेत? ज्या सर्व्हरवर त्या ठेवल्यात तोच पडला तर?

म्हणून टप्पे पाड. आधी आयटीतली आपली स्वतःची मशिन, म्हणजे त्रास पहिला आपल्याला. मग एखादा समजूतदार विभाग, एचआर किंवा स्टोअर्स, जिथे चार माणसं तुझ्याशी मोकळेपणानं बोलतात. तिथे दोन-तीन दिवस राहू दे. मग बाकीचे. प्लांटमधल्या यंत्रांना जोडलेली मशिन सगळ्यात शेवटी, तीही मेंटेनन्सच्या दिवशी. पगाराच्या आठवड्यात, महिनाअखेरीच्या डिस्पॅचमध्ये आणि गणपतीच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी काहीही नाही, ऑडिटर दाराशी उभा असला तरी.

पॉलिसी ठरावीक ग्रुपपुरती लावताना एक चूक हमखास होते. सिक्युरिटी फिल्टरिंगमधून 'ऑथेंटिकेटेड युजर्स' काढलंस तर 'डोमेन कॉम्प्युटर्स'ला वाचण्याचा हक्क दे. जून २०१६ च्या एका पॅचपासून युजरची पॉलिसीसुद्धा मशिनच्या ओळखीनं वाचली जाते. हा हक्क नसेल तर पॉलिसी गुपचूप लागत नाही, कुठे बोंबही होत नाही.

आता माणसांचं. पासवर्डच्या नियमांत लोकांचा जीव अडकतो. तीस दिवसांनी पासवर्ड बदलायला लावलास तर लोक महिन्याचं नाव लावून पासवर्ड करतात आणि कीबोर्डखाली चिठ्ठी ठेवतात. अमेरिकेच्या निस्ट संस्थेनं २०१७ मध्येच सांगितलं की कारण नसताना ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनंही आपल्या बेसलाइनमधून ती मुदत काढली. मला हे मनापासून पटतं. लांब पासवर्ड, दुसरी खात्री म्हणून फोनवरचा कोड, आणि फुटल्याची शंका आली तरच बदल. चुकीच्या तीन प्रयत्नांनी अकाउंट लॉक करणंही सोड. शिफ्ट सुपरवायझरच्या मोबाइलमध्ये जुना पासवर्ड राहिलेला असतो, तो मोबाइल दर काही मिनिटांनी मेल बघायचा प्रयत्न करतो, आणि बिचारा माणूस दिवसभर लॉक होत राहतो. ऑडिटरच्या यादीत तीसच दिवस लिहिलेलं असेल. त्याच्याशी वाद घालू नकोस, लेखी कारण दे, त्याबदल्यात काय लावलंय ते दाखव.

लॉगचंही पाहून घे. भारत सरकारच्या सर्ट-इन संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस राखावे लागतात. डेस्कटॉपवरचा सिक्युरिटी लॉग मुळात २० एमबीचा असतो, भरला की जुनं पुसून वर नवं लिहितो. तो पॉलिसीनं वाढव आणि एका जागी गोळा करायची सोय कर.

मग एक दिवस एमडींच्या केबिनमधून निरोप येईल: माझ्या लॅपटॉपवरून हे पेनड्राइव्हचं बंधन काढा. तुझ्या वयात मी लगेच काढलं होतं, कारण नाही म्हणायची भीती वाटली. तू नाही म्हणू नकोस, पण लेखी माग. काय काढलं, कुणासाठी, किती तारखेपर्यंत, आणि सही. अपवादाचा वेगळा ग्रुप कर आणि तारीख उलटली की स्वतःहून आठवण दे. बहुतेक वेळा कागद पुढे ठेवला की लोक म्हणतात, राहू दे. आणि मीटिंगमध्ये तू एकटीच बाई असशील, कुणी वरिष्ठ "तू नवीन आहेस" म्हणेल, तेव्हा आवाज चढवायची गरज नाही. "ही पॉलिसी कुठल्या ओयूवर लागणार, आणि परत कशी घ्यायची?" एवढंच विचार आणि उत्तराची वाट बघ.

या आठवड्यात एवढं उरक. सगळ्या जीपीओंचा बॅकअप घे आणि डिफॉल्ट डोमेन पॉलिसीत पासवर्ड, लॉकआउट आणि केर्बेरॉसशिवाय काय काय कोंबलंय ते उतरवून काढ. कुठल्याही पॉलिसीत न अडकलेलं एक आणीबाणीचं अकाउंट कर, त्याचा लांब पासवर्ड कागदावर लिहून बंद पाकिटात घाल, पाकिटावर दोघांच्या सह्या घे आणि ते तिजोरीत ठेव. शनिवारी रात्रीची पहिली चेंज विंडो आहे म्हणालीस ना? एक लॅपटॉप नेटवर्कवरून काढून, आधी लॉगिन करून, बाजूला ठेव. घरी यायला गाडी आधीच सांगून ठेव. मी जागीच असेन. साडेबाराला पहिलं मशिन तपासलंस की फोन कर.